वाचकांचे प्रश्न : केवळ क्रमांकाने ओळखल्या गेलेल्या सहा नौका

गेल्या अंकात अंदमानावरील जपानी अंमलाविषयी जो लेख आला होता, त्यात ‘एप्रिल १९४४ मध्ये पोर्ट ब्लेअरजवळ एक जपानी माइनस्वीपर (समुद्रात पेरलेले सुरुंग काढणारी नौका) बुडाली’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर आम्ही त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : ती माइनस्वीपर कोणती होती? तिच्या जातीच्या आणखी किती नौका होत्या आणि त्यांचे पुढे काय झाले?
– एक निवृत्त शिक्षक, भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : ती जपानी आरमाराची ७ क्रमांकाची माइनस्वीपर. इंग्रजी नोंदींत ती ‘डब्ल्यू-७’ अशी आढळते. जपानने आपल्या मोठ्या युद्धनौकांना प्रांतांची, पर्वतांची आणि नद्यांची नावे दिली, विनाशिकांना वारा, लाटा आणि धुके यांची दिली. पाणसुरुंग काढणाऱ्या नौकांच्या वाट्याला मात्र केवळ क्रमांक आला. ७ ते १२ या क्रमांकांच्या सहा नौका एकाच आराखड्यावर बांधल्या गेल्या आणि १९३८-३९ या काळात आरमारात दाखल झाल्या. प्रत्येकीचे वजन सुमारे ६३० टन, लांबी सुमारे ७२ मीटर आणि वेग २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर होता. प्रत्येकीवर १२० मिलिमीटर व्यासाच्या ३ तोफा होत्या, शिवाय पाणबुड्यांवर टाकण्यासाठी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारे बॉम्ब, होते.

सुरुंग काढण्याच्या कामाला तीन तोफा कशाला, असे कोणालाही वाटेल. जपानी आरमाराची अपेक्षा अशी होती, की शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना या नौकांनी सर्वांच्या पुढे जाऊन वाट मोकळी करावी, किनाऱ्यावरील तोफा सुरू झाल्या तर त्यांना उत्तर द्यावे आणि सैनिक उतरल्यानंतर मालवाहू जहाजांची राखण करावी. तीन कामांचा हा बोजा एवढ्याशा नौकेवर टाकला गेला. लहान नौकांवर जड शस्त्रे चढवण्याची किंमत जपानने त्याआधीच मोजली होती. मार्च १९३४ मध्ये ‘तोमोझुरू’ ही नवीकोरी टॉर्पेडो बोट वादळात उलटली आणि सुमारे १०० खलाशी मरण पावले. त्यानंतर अनेक नौकांवरचे वजन खाली आणावे लागले, आणि ७ क्रमांकाच्या जातीचा आराखडा या धड्यानंतरचा आहे.

आता एकेकीची हकीकत सांगतो. क्रमांकाच्या ओळीने न सांगता बुडण्याच्या ओळीने सांगतो, कारण तसे केल्याने युद्धाची दिशाही लक्षात येते.

पहिली गेली १० क्रमांकाची, तीही पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर अवघ्या काही दिवसांत. १० डिसेंबर १९४१ रोजी फिलिपिन्समधील लुझोन बेटावर विगान येथे जपानी तुकड्या उतरत असताना अमेरिकी विमानांनी हल्ला चढवला. त्यात जुनाट पी-३५ विमानांची एक तुकडी होती आणि तिचे नेतृत्व लेफ्टनंट सॅम्युएल मॅरेट करीत होते. या विमानांची मुख्य मदार मशिनगनवर होती. मॅरेट यांनी अगदी खाली झेप घेऊन १० क्रमांकाच्या नौकेवर गोळ्यांचा मारा केला, नौकेचा प्रचंड स्फोट झाला, आणि त्या स्फोटात त्यांच्या विमानाचा पंख तुटून तेही मृत्युमुखी पडले. मशिनगनच्या गोळ्यांनी ६३० टनांची युद्धनौका सहसा बुडत नाही. डेकवर रचून ठेवलेल्या डेप्थ चार्जना गोळ्या लागल्या असाव्यात, हेच त्याचे पटण्यासारखे स्पष्टीकरण आहे. त्याच दिवशी, त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, अपारी येथे १९ क्रमांकाची नौकाही बॉम्बहल्ल्यात कायमची निकामी झाली. मात्र ती नंतरच्या, वेगळ्या जातीची होती.

दुसरी ९ क्रमांकाची. २ फेब्रुवारी १९४२ रोजी, आजच्या इंडोनेशियातील आंबोन बेटाच्या उपसागरात सुरुंग काढत असताना, डच नौदलाने पेरलेल्या सुरुंगानेच तिचा घात केला. ते सुरुंग ‘गाउडेन लेऊव’ या डच नौकेने पेरले होते. ११ आणि १२ क्रमांकाच्या नौकांनाही तेथेच इजा झाली. या घटनेचे पडसाद फार भीषण होते. त्यांविषयी दुसऱ्या एका वाचकाने विचारले आहे, म्हणून ते पुढे येईल.

यानंतर दोन वर्षे या जातीची एकही नौका बुडाली नाही. एप्रिल १९४४ मध्ये ७ क्रमांकाची पाळी आली. २३ मार्च १९४२ पासून अंदमान जपानच्या ताब्यात होते. २९ डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस पोर्ट ब्लेअरला आले आणि दुसऱ्या दिवशी तेथे तिरंगा फडकला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. परंतु नेताजी गेल्यानंतर महिन्याभरातच, ३० जानेवारी १९४४ रोजी, होम्फ्रेगंज येथे ४४ निरपराध भारतीयांना हेरगिरीच्या आरोपाखाली जपान्यांनी गोळ्या घातल्या, आणि पुढे बेटांवर अन्नाची टंचाई वाढत गेली. बेटांवरील फौजेला लागणारे बहुतेक सामान समुद्रावरूनच येई, आणि त्याच समुद्रात सिलोनमधील त्रिंकोमाली बंदरातून निघालेल्या ब्रिटिश पाणबुड्या टपून असत. त्यांपैकी ‘स्टॉर्म’ या पाणबुडीने १५ एप्रिल १९४४ रोजी पोर्ट ब्लेअरच्या पूर्वेला पाणतीर (टॉर्पेडो) सोडून ७ क्रमांकाची माइनस्वीपर बुडवली. ‘स्टॉर्म’चे कप्तान एडवर्ड यंग हे पेशाने दर्यावर्दी नव्हते, युद्धापूर्वी ते लंडनमध्ये एका प्रकाशनसंस्थेत काम करीत आणि पेंग्विनच्या पुस्तकांवरील त्या पक्ष्याचे पहिले चित्र त्यांनीच प्राणिसंग्रहालयात जाऊन काढले होते. ब्रिटिश नौदलाच्या स्वयंसेवी राखीव दलातून आलेल्या अधिकाऱ्याला युद्धावरील पाणबुडीचे नेतृत्व मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आंबोनला वाचलेल्या दोन्ही नौका १९४५ च्या वसंतात काही दिवसांच्या अंतराने गेल्या. ११ क्रमांकाची मार्चअखेरीस मकासारजवळ हवाई हल्ल्यात बुडाली. १२ क्रमांकाची ‘इसुझू’ या क्रूझरसोबत तिमोरमधील सैनिक मागे आणण्याच्या मोहिमेवर होती. दोस्तांच्या चार पाणबुड्या या छोट्या ताफ्याच्या मागावर होत्या. ६ एप्रिल रोजी अमेरिकी पाणबुडी ‘बेसुगो’ने १२ क्रमांकाची नौका बुडवली आणि दुसऱ्याच दिवशी सुंबावा बेटाजवळ खुद्द ‘इसुझू’चाही शेवट झाला. पाणबुड्यांना हुसकावण्यासाठी जिला सोबत नेले, तीच आधी पाणबुडीला बळी पडावी, यावरून जपानच्या संरक्षक नौकांची त्या काळात काय दशा झाली होती हे कळते.

राहिली ८ क्रमांकाची. सहांपैकी हीच एक युद्धाच्या शेवटापर्यंत टिकली, ब्रिटिशांच्या ताब्यात गेली आणि १९४६ मध्ये मुद्दाम बुडवण्यात आली.

म्हणजे सुरुंगांशी झुंजण्यासाठी बांधलेल्या सहा नौकांपैकी फक्त एक सुरुंगाने बुडाली. दोन विमानांनी आणि दोन पाणबुड्यांनी घेतल्या. माझ्या मते या जातीच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. व्यापारी जहाजांची राखण करण्यासाठी पुरेशा नौका जपानने युद्धापूर्वी बांधल्या नाहीत, आणि ती उणीव भरून काढताना माइनस्वीपरांना अशा शत्रूंसमोर उभे केले, की ज्यांच्याशी लढण्याजोगी साधने त्यांच्याकडे अपुरी होती.

प्रश्न : पाण्याखालचा न दिसणारा सुरुंग काढतात कसा? आणि काढायला गेलेली नौकाच त्यावर आदळत नाही का?
– एक शेतकरी, ता. मंगळवेढा

उत्तर : आपण ज्वारीच्या रानातले आहात, तेव्हा कुळव आपल्या रोजच्या हातातला. कुळवाची पास जशी जमिनीखालून सरकत तणाची मुळे कापते आणि तण वर येऊन पडते, तसेच हे काम आहे. त्या काळचा नेहमीचा पाणसुरुंग म्हणजे दारू भरलेला पोकळ लोखंडी गोळा. तो तरंगू पाहतो, पण तळाशी टाकलेल्या वजनाला तारेने बांधलेला असल्यामुळे पृष्ठभागाखाली काही मीटरांवर अडकून राहतो. माइनस्वीपर आपल्या मागे एक लांब, मजबूत पोलादी दोर ओढत नेते. दोराच्या टोकाला अशा आकाराची फळी असते, की ती पाण्याच्या दाबाने बाजूला पळते आणि दोर नौकेच्या मागे तिरका ताणला जातो. दुसरी एक फळी दोराला ठरावीक खोलीवर दाबून धरते. सुरुंगाची तार या दोराला अडकली, की दोरावरून घसरत दोराला लावलेल्या कातरीपर्यंत जाते आणि तेथे तुटते. सुटलेला गोळा वर येतो, आणि मग खलाशी दुरून बंदुकीच्या गोळ्या मारून त्याला फोडतात किंवा भोके पाडून बुडवतात.

गोळ्याला बाहेरून जी शिंगे दिसतात, त्यांची रचना समजून घेण्याजोगी आहे. शिंग शिशासारख्या मऊ धातूचे असते आणि त्याच्या आत आम्ल भरलेली काचेची नळी असते. जहाजाचा तळ शिंगाला घासला, की धातू वाकतो, काच फुटते, आम्ल खाली ठेवलेल्या दोन निरनिराळ्या पट्ट्यांवर सांडते आणि तत्क्षणी एक लहानशी बॅटरी तयार होते. तिच्या विजेने दारू पेटते. आतील काच शाबूत असेतोवर बॅटरी अस्तित्वातच नसते, म्हणून ती पडून पडून उतरण्याचाही प्रश्न नाही. अशा प्रकारचे सुरुंग वर्षानुवर्षे धोकादायक राहतात, त्याचे हेच कारण आहे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. पहिल्या फेरीत पुढे जाणारी नौका न काढलेल्या सुरुंगांवरूनच जात असते. दोर तिच्या मागे असतो, पुढे नाही. तिचा बचाव एवढाच, की ती पाण्यात फार खोल बसत नाही. ७ क्रमांकाच्या जातीच्या नौका जेमतेम अडीच-पावणेतीन मीटर खोल बसत, त्यामुळे मोठ्या जहाजांसाठी लावलेले सुरुंग त्यांच्या तळाखाली राहण्याची शक्यता असे. भरती-ओहोटीने पाणी उतरले किंवा सुरुंग अपेक्षेपेक्षा उथळ लावलेला निघाला, तर तो बचाव उरत नाही. या नौकांवरील प्रत्येक माणूस हे जाणून कामाला लागत असे.

प्रश्न : डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये होते तेव्हा या नौका तेथे लढत होत्या का?
– इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण आपल्या गावातील डॉक्टरांचा प्रवास आणि हा विषय खरोखरच एकमेकांच्या अगदी जवळून जातात. भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले आणि कॅंटनमार्गे यांगत्से नदीकाठच्या हान्को शहरात, म्हणजे आजच्या वुहानमध्ये पोहोचले. नेमक्या त्याच महिन्यांत जपानी सैन्य यांगत्सेच्या प्रवाहाविरुद्ध वुहानच्या दिशेने सरकत होते. चीनजवळ मोठे आरमार नव्हते. म्हणून चिनी लोकांनी आदल्या वर्षी जियांगयिन येथे स्वतःची जहाजे बुडवून नदी अडवण्याचा प्रयत्न केला होता, आणि १९३८ मध्ये नदीच्या पात्रात ठिकठिकाणी सुरुंग पेरले होते. ते काढल्यावाचून जपानी युद्धनौकांना पुढे सरकता येत नव्हते, त्यामुळे वुहानच्या मोहिमेत माइनस्वीपरांचे काम फार मोठे होते. पेरलेल्या सुरुंगांनी चीनला मौल्यवान दिवस मिळवून दिले, पण ऑक्टोबर १९३८ च्या अखेरीस वुहान पडले. आपले पथक त्यापूर्वीच नदीने वरच्या बाजूला निघून गेले होते.

७ क्रमांकाच्या जातीच्या नौका त्या वेळी नुकत्याच बांधून होत होत्या. त्यामुळे वुहानच्या वाटेवर त्या नव्हत्या, तर त्यांच्याहून जुन्या नौका होत्या. डॉ. कोटणीसांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये निधन झाले, तोपर्यंत या सहांपैकी दोन बुडालेल्या होत्या.

प्रश्न : माइनस्वीपर बुडाल्याचा सूड म्हणून युद्धकैद्यांना मारल्याचे मी वाचले आहे. हे कितपत खरे आहे आणि त्यास कायद्याचा काही आधार होता काय?
– एक वकील, सोलापूर

उत्तर : हे खरे आहे, आणि दुर्दैवाने एकदा नव्हे तर महिन्याभरात दोनदा घडले.

पहिली घटना बोर्निओच्या किनाऱ्याजवळील ताराकान या तेलाच्या बेटावरची. १२ जानेवारी १९४२ रोजी सकाळी तेथील डच सेनाधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली. परंतु बेटाच्या दक्षिण टोकाकडील कारुंगान येथील तोफखान्याशी त्यांचा संपर्क तुटला होता. तेथील गोलंदाजांना शरणागतीची वार्ता पोहोचलेलीच नाही आणि ते गोळीबार करतील, असा इशारा डचांनी जपान्यांना दिला होता. तो मानला गेला नाही. दुपारच्या सुमारास १३ आणि १४ क्रमांकाच्या माइनस्वीपर (या ७ क्रमांकाच्या आधीच्या जातीतील) त्या तोफांच्या टप्प्यात आल्या आणि दोन्ही बुडाल्या. १५६ जपानी खलाशी मेले. काही दिवसांनी २०० हून अधिक डच गोलंदाजांना, त्या नौका बुडाल्या त्याच ठिकाणी नेऊन पाण्यात बुडवून मारण्यात आले.

दुसरी घटना आंबोनची. ९ क्रमांकाची नौका बुडाली, त्यानंतरच्या दोन-अडीच आठवड्यांत लाहा येथील विमानतळाजवळ ३०० हून अधिक ऑस्ट्रेलियन आणि डच युद्धकैद्यांना ठार करण्यात आले. या हत्याकांडामागे इतर कारणेही सांगितली जातात; लाहाच्या लढाईत जपान्यांची झालेली हानी हे त्यांतील एक. परंतु बुडालेल्या माइनस्वीपरचा सूड हे कारण इतिहासकारांनी ठळकपणे नोंदवले आहे. मृतांची सामूहिक थडगी युद्ध संपल्यावर सापडली, आणि जबाबदार अधिकाऱ्यांपैकी कुनितो हाताकेयामा यांना खटल्याअंती फाशी झाली.

कायद्याविषयी निःसंदिग्धपणे सांगता येते, की त्यास कोणताही आधार नव्हता. आपल्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी सुरुंग पेरणे किंवा शरणागतीची आज्ञा पोहोचण्यापूर्वी तोफ डागणे हा गुन्हा होत नाही. उलट, शस्त्र खाली ठेवून शरण आलेल्याला मारण्यास १९०७ च्या हेग नियमांनी बंदी केली होती आणि ते नियम जपानने स्वीकारले होते. १९२९ च्या जिनिव्हा कराराने तर कैद्यांवर सूड उगवण्यास स्पष्ट मनाई केली. त्यावर जपानने सही केली होती, पण त्याला रीतसर मान्यता दिली नव्हती. ही पळवाट बचाव म्हणून उपयोगी पडत नाही, कारण हेगचे बंधन होतेच. नौकांच्या याद्यांत ‘९ क्रमांकाची, आंबोन, सुरुंग’ एवढीच नोंद असते. ज्यांनी ते सुरुंग पेरले नव्हते, अशा शेकडो कैद्यांना त्याची शिक्षा भोगावी लागली, हे त्या नोंदीशेजारी लिहिलेले असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : स्वतःच्याच बाजूच्या माऱ्याने एखादी माइनस्वीपर बुडाली होती का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : होय. २८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री सुरू झालेल्या सुंदा सामुद्रधुनीच्या लढाईत, मध्यरात्रीनंतर, ‘मोगामी’ या जपानी क्रूझरने अमेरिकेच्या ‘ह्यूस्टन’वर पाणतीर सोडले. ते चुकले आणि पलीकडे जावाच्या किनाऱ्याशी सैन्य उतरवणाऱ्या जपानच्याच जहाजांमध्ये घुसले. त्यात २ क्रमांकाची माइनस्वीपर बुडाली आणि काही सैन्यवाहू जहाजांनाही जबर तडाखा बसला. उतरणाऱ्या सैन्याचे खुद्द सेनापती इमामुरा यांना समुद्रात उडी घ्यावी लागली. जपानचे मोठे पाणतीर फार दूरवर जात, हे त्यांचे बळ त्या रात्री त्यांच्यावरच उलटले.

प्रश्न : भारतीय नौदलाकडे त्या काळी माइनस्वीपर होत्या का? जपान्यांशी त्यांची कधी गाठ पडली का?
– माजी नौसैनिक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपण स्वतः नौदलात होता, तेव्हा ‘बेंगॉल’चे नाव आपल्या कानावरून गेले असेलच. तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीसाठी ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट जातीच्या चार माइनस्वीपर बांधल्या गेल्या : बेंगॉल, मद्रास, बॉम्बे आणि पंजाब. ७ क्रमांकाच्या जपानी नौकांप्रमाणेच यांनाही सुरुंगांपेक्षा राखणीच्या कामावर अधिक जावे लागले. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बेंगॉल’ ही ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत हिंदी महासागरातून येत असताना ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ या दोन सशस्त्र जपानी जहाजांनी त्यांना गाठले. दोन्ही दहा-दहा हजार टनांची होती आणि त्यांवर कितीतरी मोठ्या तोफा होत्या. ‘बेंगॉल’ कशीबशी साडेसहाशे-सातशे टनांची आणि तिच्यावर तीन इंची एकच तोफ.

‘बेंगॉल’चे कप्तान विल्यम विल्सन यांनी तेलवाहू जहाजाला निसटण्यास सांगितले आणि स्वतःची नौका सरळ शत्रूच्या अंगावर घातली. ‘ओंदिना’नेही पाठ न फिरवता आपल्या एकुलत्या चार इंची तोफेने मारा चालू ठेवला. या माऱ्याने ‘होकोकू मारू’ पेटले, त्याचा स्फोट झाला आणि ते बुडाले. नेमका कोणाचा गोळा वर्मी लागला याविषयी डच आणि भारतीय बाजूंनी आपापला दावा सांगितला. तोफेचा आकार पाहता ‘ओंदिना’कडे झुकते माप जाते, असे मला वाटते. परंतु ‘बेंगॉल’ पुढे सरसावली नसती, तर दोन्ही जपानी जहाजांना निवांत नेम धरून ‘ओंदिना’ला गाठता आले असते. ‘ओंदिना’च्या कप्तानांसह काही जण त्यात मरण पावले, ‘बेंगॉल’वर मात्र एकही माणूस दगावला नाही. दोन्ही जहाजे एकमेकांना बुडाली समजून निरनिराळ्या दिशांनी निघाली आणि दोन्ही सुखरूप बंदराला लागली. स्वातंत्र्यानंतर ‘बेंगॉल’ भारतीय नौदलात राहिली.